शटर उघडं दिसायलंय

अण्णाराव बिरादार देवणीजवळच्या आपल्या गावातून लातूरला आले ते बायकोच्या दुखण्यापायी. केवळाबाईंच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून दोनदा दवाखाना, आणि गावाकडून लातूरला जीपमध्ये बसून यायचं म्हणजे त्या अर्ध्या वाटेतच गळून जायच्या. मुलगा बालाजी कॅनडात नोकरीला. त्यानं औसा रोडच्या आतल्या अंगाला, नव्या प्लॉटिंगमध्ये घर बांधून घेतलं आणि आईवडिलांना तिथं आणून ठेवलं. केवळाबाईंनी त्या घरात एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढला. दिवाळीच्या तोंडावर त्या गेल्या.

दहावा-तेरावा झाला, पाहुणे पांगले. बालाजी म्हणाला, अण्णा, घर बंद ठेवू नका, नवं घर बंद राहिलं की खराब होतं. अण्णारावांनाही परत जायची तशी ओढ राहिली नव्हती. बैलं विकली होती, शेत पुतण्याला बटईनं दिलं होतं. गावातल्या घरात पुतण्याचा संसार पसरला होता. आपण गेलो तर त्यांना आपली खाट कुठं टाकायची याचा विचार करावा लागेल, हे त्यांना कळत होतं. मग ते लातुरातच राहिले. स्वयंपाकाला एक बाई यायची, दोन भाकरी आणि भाजी करून जायची. तिला चार घरं असायची, त्यामुळं ती बोलायला थांबायची नाही.

घराच्या पुढच्या अंगाला गाडीसाठी जागा होती. गाडी नव्हतीच, पण बालाजीच्या मनात होतं की आपण कायमचे परत येऊ तेव्हा लागेल. पुढच्या वर्षी तो महिनाभरासाठी आला तेव्हा त्यानं तिथलं जुनं लोखंडी फाटक काढून मोटारीवर चालणारं शटर बसवून घेतलं. तिकडं त्याच्या घराला तसंच होतं. बटण दाबलं की उघडतं, दाबलं की मिटतं. शिवाय ते फोनला जोडलेलं. शटर उघडलं की बालाजीच्या फोनवर मेसेज जायचा, आणि तो तिथून बसल्या जागी ते बंदही करू शकायचा. आरती, त्याची बायको, तिकडं हसली म्हणे, की तुम्ही हजारो मैलांवरून दार लावणार. पण बालाजीला त्यात समाधान होतं. वसाहतीत दोन घरफोड्या झाल्या होत्या. बाप एकटा.

शटर बसवायला व्यंकटी नावाचा फिटर आला होता. मूळचा देगलूरकडचा, बोलण्यात मधूनच तेलुगू यायची. काम झाल्यावर त्यानं अण्णारावांना सगळं नीट दाखवलं. शटरच्या दोन्ही बाजूंना गुडघ्याच्या उंचीवर दोन छोटे काळे डोळे बसवले होते. शटर खाली येत असताना त्या दोन डोळ्यांच्या मधे काही आलं, की ते थांबून आपोआप वर जायचं. व्यंकटीनं बटण दाबलं आणि खाली येणाऱ्या शटरखाली आपला पाय घातला. शटर थबकलं आणि माघारी फिरलं.

“मी दाखवायला घातला, तुम्ही घालू नका,” तो म्हणाला. “हलतंय तवर खालनं जायचं न्हाई काका, आन् खाली उभं बी ऱ्हायचं न्हाई. डोळ्यावर धूळ बसली की कोरड्या फडक्यानं पुसा. लाईट गेली तर ही साखळी ओढा.”

त्यानं आणखीही सांगितलं. बाजूच्या खाचा झाडून घ्यायच्या, त्यात जाड ग्रीस भरायचं नाही कारण त्याला माती चिकटते, आवाज बदलला की चालवणं बंद करून फोन करायचा. बालाजी तोवर फोनमध्ये शटरची जोडणी करत होता, त्यानं हं हं केलं. अण्णारावांनी सगळं ऐकलं. पण त्यांच्या मनात राहिला तो व्यंकटीचा पाय, आणि त्याला न शिवता माघारी गेलेलं ते एवढं मोठं लोखंड.

बालाजी परत गेल्यावर चार-पाच दिवसांनी सकाळी अण्णारावांनी दूध आणायला जायला शटर उघडलं. शेजारचं लहान दार होतं, पण त्याचा कडीकोयंडा हाताला जड जायचा. ते शटरमधून बाहेर पाऊल टाकतात तोच खिशातला फोन वाजला.

“अण्णा, शटर उघडं दिसायलंय. कुठं निघालाव?”

“दूध आणायला चाललो,” अण्णाराव म्हणाले. “तू जागाच हाईस का?”

“आता झोपायचंच बगायलो. सत्यम आत्ता झोपला.”

मग ते चालत दुकानापर्यंत बोलत गेले. इथं सकाळ, तिथं रात्र. नातू सत्यम चालायला लागला होता. आरतीची नोकरी दुसऱ्या जागी झाली होती. अण्णारावांनी दूध घेतलं, परत आले, तरी फोन चालू होता. आधी बालाजी रविवारी फोन करायचा आणि त्या फोनमध्ये औषध घेतलं का, बाई आली होती का, एवढंच असायचं. हे बोलणं वेगळं होतं. मुलगा शेजारच्या खोलीत असावा आणि कुठं निघालात म्हणून त्यानं आतूनच विचारावं, तसं.

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी दूध आणायचं नव्हतं, आदल्या दिवशीचं शिल्लक होतं. पण ती वेळ झाली आणि अण्णारावांनी शटर उघडलं.

हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, आणि सांगायला कुणी नव्हतंही. कधी ते म्हणायचे, भाजी आणायला निघालोय. कधी म्हणायचे, जरा हवेशीर व्हावं म्हणून उघडलं. बालाजीला शंका आली नाही. मग हळूहळू फोन रोजचा दोन दिवसांआड झाला. आता बालाजी नुसता मेसेज टाकायचा, सगळं ठीक? अण्णारावांना टाईप करता यायचं नाही, ते अंगठा पाठवायचे. अंगठा गेला की बोलणं संपायचं.

तरी त्यांनी शटर उघडणं सोडलं नाही. सकाळी, दुपारी जेवण झाल्यावर, दिवे लागायच्या आधी. उघडल्यावर लगेच बंद करायला बरं वाटायचं नाही, म्हणून ते प्लास्टिकची खुर्ची उंबऱ्यावर ओढून बसायला लागले. पाय बाहेर, पाठ आत. समोर बोळ. मोटारसायकली जायच्या, भंगारवाला जायचा, शाळेच्या रिक्षा जायच्या. समोरच्या घरात वरच्या मजल्यावर तनुजा नावाची नर्स भाड्यानं राहायची. रात्रपाळी करून सकाळी यायची, जाता येता हात करायची, काका, जेवलात का म्हणायची, आणि दिवसभर झोपायची. वसाहतीतले बाकीचे लोक चांगले होते, पण ते आपापल्या कामाचे. गावात माणूस उंबऱ्यावर बसला की जाणारा थांबायचा, टेकायचा. इथं उंबऱ्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला लोक वाट सोडून जायचे.

फेब्रुवारीत शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर बांधकाम निघालं. वाळू आली, सिमेंट आलं, सगळीकडं धूळ. मजुरांनी थोडी पोती अण्णारावांच्या भिंतीला टेकवली. त्यातलं एक घसरलं आणि शटरच्या एका डोळ्याला धक्का बसून तो वाकडा झाला. तेव्हापासून शटर अर्ध्यात यायचं आणि परत वर जायचं. अण्णारावांनी डोळे पुसून पाहिले. उपयोग झाला नाही. व्यंकटीला फोन केला तर तो नांदेडला एका मोठ्या कामावर होता. तो म्हणाला, मी आल्यावर डोळा सरळ करून देतो, तोवर मोटार वापरू नका, साखळीनं चालवा.

साखळीनं शटर व्यवस्थित चालत होतं. जोर लागायचा, पण अण्णारावांचे हात शेतकऱ्याचे होते. अडचण वेगळीच होती. साखळीनं उघडलं की मेसेज जायचा नाही. मेसेज मोटार चालली तरच जायचा, हे त्यांना दोन दिवसांत कळलं. त्या दोन दिवसांत बालाजीनं काहीच विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी बांधकामावरच्या वायरमनला हाक मारली. त्यानं वरवर पाहिलं, डोळ्यांकडं जाणारी वायर सोडवली, दोन टोकं एकमेकांना पिळून वरून चिकटपट्टी लावली. “आता बंद होतंय बगा,” तो म्हणाला. आणि शटर खरंच सरळ खाली आलं. डोळे जागेवरच होते, त्यातला लाल ठिपकाही दिसत होता. आता ते आंधळे झालेत, हे त्यानं सांगितलं नाही आणि अण्णारावांनी विचारलं नाही. व्यंकटीनं नांदेडहून आल्यावर फोन केला तेव्हा ते म्हणाले, झालं दुरुस्त, कशाला येतोस.

मार्चमध्ये एका रविवारी बोलता बोलता बालाजी म्हणाला, “अण्णा, ते शटरचे मेसेज मी बंद केलेत. मीटिंगमधी सारखं वाजायलं. तुम्ही दिवसातनं किती येळा उघडताव ते.”

“चांगलं केलंस,” अण्णाराव म्हणाले.

त्यांनी फोन पलंगावर ठेवला. राग आला नव्हता. तो कामाचा माणूस, बापाच्या दाराकडं किती लक्ष देणार. पण त्यांना वाटलं, आपण इतके दिवस हाक मारत होतो आणि त्याला ती हाक वाटलीच नाही, नुसता आवाज वाटला. दुसऱ्या दिवशी वेळ झाली तेव्हा उठावंसं वाटेना. तरी सवयीनं उठले, शटर उघडलं आणि खुर्ची ओढून बसले.

मे महिन्यात लातुरातलं ऊन डोक्यात जातं. दुपारी बोळात कुत्रंसुद्धा फिरकत नाही. प्रत्येक घरात कूलर चालू, त्यांची घरघर एकात एक मिसळून सगळ्या वसाहतीवर पसरलेली. अण्णारावांना कूलरची हवा सोसायची नाही, सांधे धरायचे. उंबऱ्यावर सावली असायची आणि खालच्या फरशीचा गारवा यायचा. त्या दुपारी ते जेवून खुर्चीत बसले होते. फोन आत पलंगावर होता, रिमोट भिंतीवरच्या खिळ्याला. डोळा लागत होता.

वर मोटार सुरू झाली.

त्यांनी डोळे उघडले. शटर खाली येत होतं. रिमोट खिळ्यावरच होता. घरात दुसरं कुणी नव्हतं. मग त्यांच्या लक्षात आलं, हे तिकडून होतंय. बालाजीनं बघितलंय. शटर उघडं दिसलं, अण्णा विसरले असं त्याला वाटलं, आणि तो बंद करायला लागलाय. तिकडं पहाट असणार. पहाटे उठून त्यानं आपलं दार पाहिलं.

ते उठले नाहीत. पाय बाहेर पसरलेले होते, हात खुर्चीच्या हातांवर होते, आणि त्यांना बरं वाटत होतं. आता तो फोनही करेल असं वाटून त्यांनी मान आत वळवली आणि पलंगाकडं कान दिला. शटरची भीती वाटायचं कारण नव्हतं. पाय मधे आहे म्हटल्यावर ते माघारी जाणार होतं.

खालची जाड पट्टी खांद्याला लागली तेव्हा त्यांना काहीतरी चुकतंय हे कळलं. त्यांनी उठायचा प्रयत्न केला. पट्टी खुर्चीच्या हातावर टेकली, प्लास्टिक कडकन मोडलं, आणि ते खुर्चीसकट मागं आत पडले. डावा पाय बाहेरच राहिला. शटर त्याच्या नडगीवर येऊन बसलं, आणि वरून पट्ट्या सैल होऊन खाली येतच राहिल्या, त्यांचं वजन वाढत राहिलं. मग मोटार आपोआप थांबली.

पहिली काही मिनिटं त्यांनी आवाजच केला नाही. दुखत होतं, पण त्याहून लाज वाटत होती. स्वतःच्या दारात असं अडकून पडलेलं कुणी पाहू नये असं वाटत होतं. रिमोटचा खिळा दिसत होता, पण तो उभ्या माणसाच्या हाताच्या उंचीवर होता. साखळी पलीकडच्या भिंतीला होती. त्यांनी पाय ओढून पाहिला आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. मग मात्र त्यांनी हाक मारली. कुणी हाय का, म्हणून. आपला आवाज शटरच्या आतच फिरतोय असं त्यांना वाटलं. बाहेर कूलर चालू होते. समोर तनुजा वरच्या मजल्यावर झोपली असणार, खिडक्या लावून.

फोन वाजला नाही. बालाजी शटर बंद करून झोपला होता.

किती वेळ गेला ते त्यांना सांगता आलं नाही. पायाखालची फरशी सावलीतून उन्हात गेली आणि चटके बसायला लागले, एवढं आठवतं. शेवटी पाण्याचा टँकर आला. वीरेश नावाचा ड्रायव्हर उन्हाळाभर त्या बोळात पाणी टाकायचा. त्यानं हॉर्न वाजवला आणि उतरून पाइप सोडवायला लागला, तेव्हा त्याला शटरखालून बाहेर आलेला पाय दिसला.

त्यानं आधी हातानं शटर उचलायचा प्रयत्न केला. मोटारीचं शटर तसं हातानं उचललं जात नाही. लहान दाराला आतून कडी होती. मग त्यानं धावत जाऊन टँकरमधला जॅक आणला, पट्टीखाली लावला आणि सावकाश फिरवत शटर वर घेतलं. हॉर्ननं तनुजा जागी होऊन खाली आली होती. तिनं जमिनीवर आडवं होऊन खालून पाहिलं आणि पाय हलवू नका म्हणून सांगितलं. पुरेशी फट झाल्यावर वीरेश खालून सरपटत आत गेला आणि अण्णारावांनी सांगितल्याप्रमाणं साखळी ओढली. तनुजानं मोडक्या खुर्चीचा पाय आणि आपली ओढणी घेऊन पाय बांधला. दोघांनी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

नडगीची दोन्ही हाडं मोडली होती. दुसऱ्या दिवशी पायात सळई घातली. बालाजीला तनुजानंच कळवलं होतं, शटर पायावर पडलं एवढंच सांगून. ऑपरेशन झाल्यावर त्याचा व्हिडिओ कॉल आला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. आधी डॉक्टर काय म्हणाले ते विचारलं.

“अण्णा,” तो म्हणाला, “मी काल पहाटं उठलो होतो. सत्यमला ताप होता. तवा फोनवर बगितलं तर शटर उघडं होतं. मी बंद केलं. मग...”



काय सांगायचं ते अण्णारावांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. ऑपरेशनच्या टेबलावर नेताना त्यांच्या डोक्यात तेवढंच होतं.

“तू बंद केलास तवा मी आत झोपलो होतो,” ते म्हणाले. “नीट लागलं होतं. नंतर मी उठून पुन्हा उघडलं. मग बसल्या बसल्या रिमोट माझ्याच हातनं दाबला गेला.”

“खरंच?”

“मग काय खोटं सांगायलो का? सत्यमचा ताप उतरला का ते सांग.”

बालाजीनं दीर्घ श्वास सोडला. मग तो बोलायला लागला, की रिमोट जवळ घेऊन बसू नका म्हणून किती वेळा सांगितलं, शटरखाली बसायची काय गरज, दारात बसण्यासारखं तिथं आहे काय. बराच वेळ तो बोलत होता. अण्णाराव ऐकत राहिले. बाजूला तनुजा सलाईन बघत उभी होती. आदल्या दिवशी वीरेश साखळी ओढायला आत गेला तेव्हा रिमोट खिळ्यालाच होता, हे तिलाही दिसलं होतं.

पुढचे दोन महिने अण्णारावांना उठता येत नव्हतं. गावाकडून पुतण्याची बायको येऊन राहिली, पेरणी आली तशी परत गेली. तनुजा ड्यूटीवरून आल्यावर डोकवायची. बालाजीचा फोन आता रोज यायचा, अगदी वेळेवर. पण त्यात पायाशिवाय काही नसायचं. सूज किती, चालता किती पावलं, गोळी घेतली का. सत्यमचं काही विचारलं की तो थोडक्यात सांगायचा आणि परत पायावर यायचा. अण्णारावांना वाटायचं, रोज आवाज ऐकू येतोय, तरी हा पूर्वीपेक्षा लांब गेलाय. दोघांच्या मधे ते खोटं होतं. एकानं ते सांगितलं होतं, दुसऱ्यानं ते धरून ठेवलं होतं, आणि त्याला धक्का लागू नये म्हणून दोघंही जपून बोलत होते.

व्यंकटीला त्यांनी स्वतः बोलावलं. त्यानं चिकटपट्टी सोडली, पिळलेल्या वायरी पाहिल्या आणि त्या वेगळ्या केल्या. डोळा सरळ करून घट्ट बसवला. लाकडाची एक फळी आणून खाली आडवी उभी केली, बटण दाबलं. शटर फळीपर्यंत आलं आणि माघारी गेलं. महिन्यातून एकदा असं करून बघत जा, पायानं नको, फळीनं, असं तो म्हणाला. अण्णारावांनी त्याला फोनची जोडणी काढून टाकायला लावली. ज्याला समोरचं दिसत नाही त्याच्या हातात दार द्यायचं नाही, एवढंच ते म्हणाले. लहान दाराला बाहेरून उघडता येईल असं कुलूप बसवलं आणि एक किल्ली तनुजाकडं दिली.

दसऱ्याला बालाजी एकटाच आला. काठी घेऊन चालणारे अण्णाराव शटरच्या आत उभे होते. तो पाया पडला आणि तसाच खाली बसून त्यानं त्यांच्या नडगीवरची खूण बोटानं पाहिली. पंधरा-वीस दिवस तो राहिला. डॉक्टरकडं नेऊन आणलं, न्हाणीघरात धरायला दांडे बसवले. रोज काहीतरी काम काढायचा. रिकामा बसला की त्याची नजर शटरकडं जायची. एकदा तो फळी लावून पुन्हा पुन्हा शटर खाली-वर करत होता, तेव्हा अण्णारावांनी त्याला आत बोलावून चहा दिला.

परतीचं विमान हैदराबादहून होतं. भाड्याची गाडी केली होती. अण्णाराव म्हणाले, मी उदगीरपर्यंत येतो, तिथून देवणीची बस धरून गावाकडं चार दिवस जाऊन येतो. उदगीरच्या बसस्टँडाबाहेर गाडी थांबली. ड्रायव्हर पान खायला गेला. बापलेक चहाच्या गाड्यामागं बाकड्यावर बसले. भुसार बाजाराकडं जाणाऱ्या ट्रकांनी रस्ता भरला होता.

“अण्णा, ते मीच होतो न्हवं?” बालाजी म्हणाला.

अण्णारावांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. नाही म्हणणं सोपं होतं. पण पोरगा पाच महिने हे घेऊन झोपत होता, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

“हाव,” ते म्हणाले. “तूच व्हतास.”

बालाजी खाली मान घालून बसला. अण्णारावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्यांना जे सांगायचं होतं ते एकदाचं सांगून टाकलं.

“पर तुझी चूक न्हाई. डोळ्याच्या वायरी मीच जोडून घेतल्या व्हत्या. साखळीनं उघडलं तर तुला मेसेज जात नव्हता म्हणून. दिवसभर उघडायचो ते त्याच्याचसाठी. आन् त्या दिवशी मोटार सुरू झाली तवा मला उठता येत व्हतं. मी उठलो न्हाई. तू बगितलास म्हणून बरं वाटलं, म्हणून बसून राहिलो.”

बालाजीनं वर पाहिलं. त्याला हे कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर तो लहानपणी रडायचा तसा, तोंडावर हात न घेता रडला. चहावाल्यानं एकदा पाहिलं आणि दुसरीकडं तोंड फिरवलं.

“मला फोन का न्हाई केलाव तुम्ही?” तो शेवटी म्हणाला. “नुसता फोन करायचा ना अण्णा.”

“तू कामात आसशील वाटायचं.”

ड्रायव्हर आला. बालाजीनं त्यांना देवणीच्या बसमध्ये बसवलं, खिडकीजवळची जागा पाहून दिली, काठी वर ठेवायला गेला आणि पुन्हा त्यांच्या हातात दिली. बस आधी सुटली. अण्णारावांनी मागं वळून पाहिलं तेव्हा तो गाडीत बसला नव्हता, रस्त्याच्या कडेला उभा होता.

आता थंडी पडलीय. अण्णाराव लातुरातच आहेत. बालाजीचं कायमचं परत येणं अजून दोन-तीन वर्षं पुढं गेलंय, आणि ते तसंच जात राहील हे त्यांना माहीत आहे. घर मोठं आहे, संध्याकाळ लांबते. बोळातले लोक तसेच वाट सोडून जातात. फरक पडला तो एवढाच, की अण्णाराव स्वतः फोन लावतात. कधी उचलला जात नाही. उचलला तर बालाजी म्हणतो, अण्णा, जरा कामात आहे, ठेवू नका, चालूच असू द्या. मग तो फोन ओट्यावर कुठंतरी उभा करून ठेवतो. अण्णाराव इथं पलंगावर बसून तिकडचं ऐकतात. नळ सुटतो, आरती काहीतरी विचारते, सत्यम भांडी आपटतो. कुणी त्यांच्याशी बोलत नाही. तेही बोलत नाहीत. फोनची बॅटरी संपेपर्यंत ते तसंच ऐकत बसतात.